लाल तिथे जंगल

माझ्या आत्याचा अखेरपर्यंत असा समज होता की मी धारला जंगल रंगवायच्या नोकरीवर होते. आणि तेही लाल रंगात. "हिला कुणी सांगत कसं नाही, की झाडं हिरवी असतात?" असं ती माझ्यादेखत शेजारणीला विचारायची, आणि शेजारीण माझ्याकडे कणवेनं बघायची.

ऐंशीच्या दशकाची शेवटची वर्षं होती. मी मूळची देवासची. भूगोलात एम. ए. केलेलं, नकाशा काढायला हात बरा आणि लग्न काही केल्या जमत नव्हतं, एवढ्या भांडवलावर मला धारला जंगल-संशोधनाच्या एका प्रकल्पात सहायक म्हणून घेतलं. राहायला आत्याचं घर होतं. ऑफिस म्हणजे एका जुन्या बंगलीतल्या चार खोल्या. त्यातल्या तिनांत धूळ आणि चौथीत कॉम्प्युटर.

काम तसं शहाणपणाचं होतं. धारच्या पश्चिमेकडच्या डोंगरांपासून थेट देवासच्या पलीकडे सोनकच्छपर्यंत जंगल कुठे आणि किती उरलंय ते शोधायचं. त्याच्या भोवतीची गावं किती लाकूड, किती पाला, किती गवत नेतात ते मांडायचं. आणि किती नेलं तर जंगल पुन्हा भरून येईल, किती नेलं तर येणार नाही, ते सांगायचं. त्यासाठी प्रत्येक गोष्टीचा नकाशा वेगळा करायचा, जंगलाचा एक, गावांचा एक, नाल्यांचा एक, उतारांचा एक, आणि सगळे कॉम्प्युटरमध्ये घालून एकावर एक ठेवायचे. आता त्याला लांबलचक नाव आहे. आम्ही नुसतं 'थर लावणं' म्हणायचो. आत्याला मी ते अळूवडीवरून समजावलं. पानावर पान, पानावर पान, मग गुंडाळायचं.

"हो का? मग उकडता कधी?" तिनं विचारलं.

आम्ही चौघं होतो. पहिले आमचे साहेब. सर्वेक्षणातून निवृत्त झालेले, आयुष्यभर मोजणीची साखळी आणि होकायंत्र घेऊन माळवा पायी तुडवलेला. तेही देवासचेच. पण देवासचे म्हणून भागत नाही. संस्थानी काळात गाव एक आणि राज्यं दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती, आणि हद्द चक्क रस्त्यांमधून जायची. साहेबांचे आजोबा थोरल्या पातीच्या चाकरीत, माझे पणजोबा धाकट्या पातीच्या. दोन्ही राज्यं विलीन होऊन चाळीसेक वर्षं झाली होती, पण साहेबांना ते मान्य नव्हतं. "काय धाकटी पाती, चहा झाला का?" अशी त्यांची रोजची हाक असे. मी "होतोय, थोरले सरकार," म्हणायची. त्यांना ते मनापासून आवडायचं.

दुसरे कॉम्प्युटरवाले. हे मूळचे सांगलीकडचे, वडील पीथमपुरच्या कारखान्यात नोकरीला आले तेव्हा इकडे आलेले. स्वतःही तिथे मोटारींच्या सुट्या भागांची ड्रॉइंगं करायचे, तिथून आमच्याकडे आले. त्यांना केसाच्या जाडीपर्यंत मोजायची सवय. जंगलाची कड कुठेही पसरते, हे त्यांना सहन व्हायचं नाही. मी एक टेकडी काढून दिली की ते भिंगातून बघत विचारायचे, "हे झाड आत की बाहेर?"

"झाड नाहीये ते. माझ्या पेनची शाई फुटलीये."

"मग शाई आत की बाहेर?"

आमचं हिंदी मिसळलेलं मराठी ऐकूनही ते हैराण व्हायचे. "चौराह्यावरून उजवीकडे मुडा, तिथेच पडतं माझं घर," मी एकदा त्यांना सांगितलं. "घर पडतं?" त्यांनी काळजीनं विचारलं.

तिसरा जीपचा ड्रायव्हर. त्याला सगळे भिया, म्हणजे भैया, म्हणत, तोही सगळ्यांना भिया म्हणे, फक्त मला बाईसाब. चौथी मी.

कॉम्प्युटरच्या खोलीत एसी होता. त्या अख्ख्या रस्त्यावर तो एकच असावा. त्यामुळे एप्रिल लागला की संशोधनाबद्दल लोकांना फार आस्था वाटू लागे. पोस्टमन पत्र हातात देऊन न जाता "थर कसे लागतात हो?" विचारी. एकदा आत्या आली. चपला बाहेर काढून आत शिरली, कॉम्प्युटरला दुरून नमस्कार केला, खुर्ची ओढली आणि पिशवीतून गवार काढून मोडायला बसली. दोन तास. कॉम्प्युटरवाले तिला उठा म्हणू शकेनात, कारण ती मधूनमधून त्यांच्या कामाचं कौतुक करत होती. "किती शांतपणे बसलाय बिचारा," ती म्हणाली. कॉम्प्युटरवाले लाजले. ती मशीनबद्दल बोलत होती.

आता मुख्य गोष्ट. एके दिवशी भोपाळच्या वरच्या ऑफिसातून उपग्रहानं काढलेलं आमच्या मुलखाचं चित्र आलं. मोठा चकचकीत कागद, आणि त्यावर जिवंत पाला लाल दिसतो. उपग्रहाच्या डोळ्याची तशी तऱ्हा असते. साहेबांनी ते टेबलावर पसरलं, चष्मा पुसला आणि सूत्र सांगितलं.

"लाल तिथे जंगल. काढ."

मी चित्रावर पारदर्शक कागद ठेवून प्रत्येक लाल ठिपका गिरवला. पंधरा दिवस लागले. मग आमच्या ऑफिसचं नाव, प्रमाण आणि उत्तर दिशेचा बाण असलेली एक सुबक पांढरी पट्टी मी स्वतः लिहिली आणि चित्राच्या खालच्या कडेला डिंकानं चिकटवली. साहेब म्हणाले, "वा! अक्षर बाकी धाकट्या पातीचंच." मला दिवसभर बरं वाटलं.

कॉम्प्युटरवाल्यांनी माझ्या रेघा मशीनमध्ये घातल्या, थर लावले, आणि निकाल छापून बाहेर आला. तो बघून साहेब खाली बसले. पश्चिमेचे डोंगर, जिथे त्यांनी उभी हयात सागवानातून वाट काढत मोजणी केली होती, तिथे काहीच नव्हतं. कोरं. आणि सोनकच्छच्या बाजूला, सपाट काळ्या जमिनीत, शेतांच्या मधोमध, एक दुध्या भोपळ्याच्या आकाराचा ठिपका. इतका लाल, की कॉम्प्युटरनं त्याला सगळ्यात वरचा दर्जा दिला होता, अतिदाट.

"संपलं," साहेब म्हणाले. "धारचं जंगल संपलं." त्या दिवशी त्यांनी डबा उघडला नाही.

भिया दारात उभा होता. "साब, जंगल तो है. परसों ही निकला मैं वहाँ से."

"तू रस्त्यावरून बघतोस रे," साहेब खिन्नपणे म्हणाले. "उपग्रह वरून बघतो."

भियानं वर छताकडे पाहिलं.

संध्याकाळपर्यंत मात्र दुःख ओसरून साहेबांना त्या भोपळ्याचा ध्यास लागला. तिथे जंगल असल्याचं कुणी ऐकलं नव्हतं. संस्थानी नकाशे काढले. थोरल्या पातीच्या नकाशात ती जागा कोरी, कारण ती धाकट्या पातीची. धाकट्या पातीच्या नकाशात नेमकी तेवढीच जागा कसरीनं खाल्लेली. साहेबांनी त्या भोकातून माझ्याकडे पाहिलं. त्यांचा डोळा चमकत होता.

"लपलेलं आहे ते," ते कुजबुजले. "देवराई असणार. चारी बाजूंनी शेती झाली आणि मधे ती टिकून राहिली. कुणी कुऱ्हाड लावली नाही."

"सोनकच्छला? बसच्या रस्त्यापासून इतक्या जवळ?" मी म्हटलं.

"म्हणून तर कुणी पाहिली नाही! जवळचं कोण बघतं?"

कॉम्प्युटरवाले म्हणाले, "मशीन चुकत नाही." त्यांनी भोपळ्याची कड तीनदा तपासली होती आणि ती त्यांना फार आवडली होती. इतकी स्वच्छ, गोलसर कड जंगलाला असते हे त्यांना पहिल्यांदाच दिसत होतं. यावरून आम्हाला संशय यायला हवा होता.

साहेबांनी भोपाळला चार पानी पत्र धाडलं. त्यात 'अज्ञात अरण्य' हा शब्द सहा वेळा होता. पावसाळा गेला, दसरा झाला, आणि भोपाळहून मोठे अधिकारी स्वतः बघायला येतो म्हणून कळलं.

ते देवासला आम्हाला भेटले. उंच, गंभीर माणूस, पायात कोरे करकरीत जंगली बूट. आम्ही पोहे-जलेबी खाल्ली आणि निघालो. साहेब पुढे बसून होकायंत्र बघत होते, कॉम्प्युटरवाले छापलेला नकाशा सुरकुतू नये म्हणून मांडीवर पाट ठेवून बसले होते. सोनकच्छच्या अलीकडे साहेबांनी भियाला डावीकडे वळायला लावलं. कच्चा रस्ता, कापलेल्या सोयाबीनची शेतं. एकही झाड नाही.

"आता लागेल," साहेब म्हणाले.

एक बाभूळ लागली. मोठ्या अधिकाऱ्यांनी तिच्याकडे आदरानं पाहिलं.

"थांब!" साहेब ओरडले. आम्ही उतरलो. नकाशाप्रमाणे आम्ही अतिदाट अरण्याच्या बरोबर काठावर उभे होतो. समोर हिरवंगार, गुडघाभर उंच, दाटच्या दाट पसरलं होतं. जांभळी फुलं डुलत होती. थोडं बाजूला, दगडावर एक म्हातारी धुणं धूत होती.

मोठ्या अधिकाऱ्यांनी टाचा उंचावून समोर पाहिलं. "वृक्ष कहाँ हैं?" त्यांनी विचारलं.

"आत," साहेब म्हणाले. "ही नुसती कडेची झुडपं." आणि छाती पुढे काढून, जसे ते आयुष्यभर प्रत्येक जंगलात शिरले तसे, मोजून पाऊल टाकत आत शिरले.

पहिल्या पावलाला ते घोट्यापर्यंत होते. दुसऱ्याला कमरेपर्यंत.

धुणं थांबलं. म्हातारी उठून उभी राहिली आणि ओरडली, "अरे साब! तलाव में कां जई रिया हो?"

तलाव होता तो. जलकुंभीनं, म्हणजे आपल्या जलपर्णीनं, काठोकाठ भरलेला. बोटभरही पाणी दिसत नव्हतं. आणि तिच्याइतका टवटवीत, रसरशीत, लालभडक दिसणारा पाला उपग्रहाला अख्ख्या माळव्यात दुसरा मिळाला नसावा.

साहेबांना ते कळलं होतं, हे मला त्यांच्या मानेवरून दिसलं. पण ते वळले नाहीत. होकायंत्र डोक्याच्या वर धरून तसेच उभे राहिले आणि स्पष्ट आवाजात म्हणाले, "धाकटी पाती, नोंद कर. घनता, दाट. उंची, दोन फूट. जमीन, ओलसर."

मी नोंद केली. ती वही अजून माझ्याकडे आहे.

कॉम्प्युटरवाले त्यांना काढायला धावले. "साहेब, हात द्या," म्हणत त्यांनी काठावरच्या घट्ट वाटणाऱ्या पाल्यावर पाय ठेवला आणि नकाशासकट, पाटासकट गेले. पाट तरंगला. तेवढ्यात पलीकडची जलकुंभी हलली, फुगली, आणि तिच्यातून एक म्हैस वर आली. डोक्यावर जांभळ्या फुलांचा तुरा. तिनं तिघांकडे, म्हणजे साहेबांकडे, कॉम्प्युटरवाल्यांकडे आणि पाटाकडे, शांतपणे पाहिलं.

"हाँ, भैंस," मोठे अधिकारी स्वतःशीच म्हणाले. "वन्यजीव भी हैं."

मी फार प्रयत्न केला. वहीनं तोंड झाकलं. पण भिया जीपच्या बोनेटवर डोकं टेकून हसत होता, त्याची पाठ हलताना दिसली आणि माझाही बांध फुटला. मग म्हातारी हसायला लागली. साहेब पाण्यात उभ्या उभ्या आधी रागावले, आणि मग त्यांनाही हसू आलं, इतकं की ते आणखी खोल गेले. शेवटी म्हातारीनं धुण्यातलं एक ओलं लुगडं फेकलं आणि त्याला धरून भियानं दोघांना ओढून काढलं.

परतताना जीपमध्ये बुटातल्या पाण्याचा आवाज येत होता. देवास दिसायला लागलं तेव्हा मोठे अधिकारी म्हणाले, "तालाब को जंगल बता दिया, ठीक है. लेकिन फिर जो जंगल था, वो कहाँ गया?"

मला तो प्रश्न जेवताना, झोपताना टोचत राहिला. दुसऱ्या दिवशी सकाळी ऑफिस उघडताच मी ते चित्र टेबलावर घेतलं. इतकं लाल चुकलं, तर कोरंही चुकलं असेल. पण का? चित्र उलटसुलट करताना माझी सुबक पांढरी पट्टी एका कोपऱ्यात सुटलेली दिसली. डिंक वाळला होता. मी ती नखानं उचलली. खाली बारीक छापील अक्षरांत चित्र कधी घेतलं ते लिहिलेलं होतं. मे महिना.

मे महिन्यात आमच्या डोंगरांतल्या सागाला पानच नसतं. उन्हाळ्यात तो सगळा पाला झाडून काड्या होऊन उभा राहतो. हे साहेबांना ठाऊक, भियाला ठाऊक, धारच्या शेंबड्या पोरालाही ठाऊक. उपग्रहानं बिचाऱ्यानं जे होतं तेच दाखवलं होतं. जी एक ओळ वाचून आम्ही शहाणे झालो असतो, ती मी माझ्या सुंदर अक्षराखाली झाकून टाकली होती.

पट्टी परत चिकटवावी, असं मला क्षणभर वाटलं. खोटं कशाला सांगू? डिंकाची बाटली हातात होती. पण साहेबांचा न उघडलेला डबा आठवला आणि मी चित्र घेऊन त्यांच्या खोलीत गेले. त्यांना सर्दी झाली होती. डोक्याला मफलर बांधून वाफ घेत बसले होते.

"साहेब, चूक माझी आहे," मी म्हटलं आणि ती ओळ दाखवली.

त्यांनी वाचलं. परत वाचलं. मी रडायच्या बेतात उभी होते. टॉवेलातून त्यांचं लालबुंद तोंड वर आलं आणि ते ओरडले, "म्हणजे जंगल आहे!"

"हो, पण मी..."

"अगं, जंगल आहे ना! आहे ना जागेवर? मग रडतेस काय?" त्यांनी टॉवेल फेकला. "आणि तारीख न विचारता चित्र वाचलं कुणी? मी. चाळीस वर्षं मोजणी केलेल्या माणसानं. भिया! जीप काढ!"

सर्दी, मफलर, सगळ्यासकट आम्ही पश्चिमेच्या डोंगरांकडे गेलो. मोठे अधिकारीही धारच्या सर्किट हाउसला होते, तेही आले. घाट चढलो आणि दोन्ही बाजूंनी साग उभा होता. सुपाएवढी पानं, नुकत्याच संपलेल्या पावसानं धुतलेली. साहेबांनी जीप थांबवली, उतरून एका झाडाला हात लावला आणि नाक शिंकरलं. सर्दीनं की कशानं, ते मी विचारलं नाही. भिया मात्र कुणाकडेही न बघता एवढंच म्हणाला, "परसों भी यहीं था."

मग वर्षभर आम्ही सगळं पुन्हा केलं. पावसाळ्यानंतरचं चित्र मागवलं, दोन ऋतूंची चित्रं शेजारी ठेवली. जे दोन्हींत लाल ते शेत, पाणथळ किंवा बाग असू शकतं, म्हणून जाऊन बघायचं. जे उन्हाळ्यात कोरं आणि पावसानंतर लाल, तिथे बहुधा साग, पण तेही जाऊन बघायचं. कॉम्प्युटरवाले आता प्रत्येक ठिपक्याला आमच्याबरोबर यायचे आणि काठीनं जमीन टोचून मगच पाय टाकायचे, डोंगरावरसुद्धा.

त्या वर्षीचं मला आठवतं ते डोंगरातल्या एका भिल्ल वस्तीतलं दुपारचं चित्र. जंगलाचा, नाल्यांचा, वाटांचा असे सगळे थर लावलेला नकाशा आम्ही अंगणात पसरला. चार बायका भोवती बसल्या. भिया त्यांच्या बोलीत समजावत होता, हा नाला, ही टेकडी, हे तुमचं गाव. एक वयस्क बाई खूप वेळ बघत राहिली. मग तिनं एक खडा उचलून नकाशावर ठेवला.

"इथे काय?" मी विचारलं.

इथून आम्ही तीन वर्षं लाकूड आणत नाही, ती म्हणाली. बुंध्यांना फुटवा आलाय, त्याला वाढू देतोय. मग दुसरीनं खडा ठेवला, इथलं गवत फक्त दिवाळीनंतर कापायचं. तिसरीनं ठेवला, आणि त्यावरून पहिलीशी तिचं भांडण झालं, कारण ती जागा म्हणे बोटभर खाली होती. बघता बघता नकाशा खड्यांनी भरला. आम्ही वर्षभर जे काढायला धडपडत होतो, किती घ्यावं आणि कुठे थांबावं, त्यातलं बरंच त्या अंगणात चार बायका भांडून ठरवत होत्या.

साहेबांनी कोट काढून जमिनीवर घातला आणि पालथे पडून प्रत्येक खड्याभोवती पेन्सिलनं गोल काढू लागले. कॉम्प्युटरवाले शेजारी उकिडवे बसून बायकांना एकेका खड्याचं विचारत होते, आणि त्या दोघांच्या मधे, नकाशावर बरोबर डोंगरउताराच्या जागी, एक कोंबडी येऊन बसली. तिला कुणी उठवलं नाही.